तिसरा डबा

आमच्या घरात त्या वर्षी सांबरं मोजायचं काम माझ्याकडे होतं. मोजायचं म्हणजे चिंचोक्यांनी. राखणीच्या खोपीत दोन डबे ठेवलेले असत. एक चहापत्तीचा लहान, एक बिस्किटांचा मोठा, दोन्ही पत्र्याचे, गंजून कडा सुटलेले. शिंगवाला नर दिसला की लहान डब्यात चिंचोका टाकायचा, बिनशिंगाची मादी दिसली की मोठ्या डब्यात. पिल्लं मोजायची नाहीत, कारण पिल्लू मोठं होईलच असं नाही, असं बाबा म्हणायचे. तेच जनावर परत आलं तर परत टाकायचा नाही. ते ओळखायचं कसं, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्या वाडीतली माणसं कशी वळखतंस? तशीच." मी पंधरा वर्षांची होते, शाळा सातवीत सुटली होती, दादा पोफळीला वीजघराच्या कामावर होता आणि घरात राखणीला दुसरं कुणी नव्हतं. एवढं जबाबदारीचं काम मिळाल्यामुळे मी थोडी चढून गेले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आमचं घर वाडीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे जांभ्या दगडाचा गडगा संपतो आणि डोंगर चालू होतो. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, पडवीत बाबांची ठासणीची बंदूक खुंटीला. घरामागे उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी. भात खाली मळ्यात असायचं आणि ते थोडंच व्हायचं, सणासुदीला पुरेल एवढं. वर्षभर पोटाला आधार नाचणीचा. सकाळी आंबील, दुपारी भाकरी आणि कुळथाचं पिठलं, संध्याकाळी परत भाकरी आणि मिरकरवाड्याहून बाजारात येणारे सुके बोंबील असतील तर त्यांची चटणी. आय भाकरी थापायची तो आवाज मला अजून ऐकू येतो. हाताला पाणी लावून एक थाप, मग दोन लहान, मग परत एक. आता रत्नागिरीत माझ्या घरी भाकरी करणारी बाई येते ती लाटण्याने लाटते. चांगल्या होतात. मी तिला काही बोलत नाही.

तर ती नाचणी सांबरं खायची. एका वर्षी थोडी खाल्ली, दुसऱ्या वर्षी निम्मी, आणि मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी वरचा तुकडा असा साफ झाला होता की कापायला कोयता न्यावा लागला नाही. त्या वर्षी आयने माघातच कणग्या झाडल्या. बाबांना सांबरांचा राग नव्हता. राग येणाऱ्या माणसाला वाडीने जनावर निवडायचं काम दिलंच नसतं. त्या काळी आजच्यासारखा कायदा आमच्या डोंगरापर्यंत पोचला नव्हता आणि सुगी झाल्यावर वाडीची पारध व्हायची. बंदुका तीन-चार घरांत होत्या, हाकारे घालायला सगळे पुरुष जायचे, पण कुठलं जनावर मारायचं आणि कुठलं सोडायचं हे एकच माणूस ठरवायचा. ते बाबा. त्यांच्या आधी त्यांचे वडील. बाबा बोट वर करतील तरच बार व्हायचा. शिकारीचे वाटे वाडीतल्या एकवीसही घरांत जायचे, पाळण्यातल्या पोराचाही वाटा असायचा, आणि सगळ्यांत पहिला वाटा काशीकाकूकडे, कारण तिच्या घरात पुरुष माणूस नव्हतं. काशीकाकू आमची शेजारीण. तिला पहिला वाटा नेऊन द्यायचं काम माझं.

नियम एकच होता आणि तो कुणी मोडलेला नव्हता: मादी मारायची नाही. शिंगवाला नरच मारायचा. बाबांना हा नियम काही वर्षांपासून खुपत होता. ते आयशी बोलायचे तेव्हा मी ऐकायचे. आय चुलीपुढे असायची, बाबा उंबऱ्यावर. "दर साल आपण नर काढतंव," ते म्हणायचे. "वरून शहरातनं शिकारीला येतात त्या जीपवाल्यांना पण मोठी शिंगां हवी. मग रवतंय कोण? नुसत्या माद्या आणि कोवळी पोरां. माद्या दर साल वितात, रान तेवढाच. मग ती खाली येतात, आपलां खातात, आणि तरी बरगड्या दिसतात त्यांच्या." आय म्हणायची, "मग काय माद्या मारणार?"  एकदा बाबा म्हणाले, "आवणात रोप दाट झालां तर तू काय करतंस? मारायचां म्हणजे निवडायचां. निवडायचां तर आधी काय किती हाय ता कळायला हवां." त्यातून ते दोन डबे आले.

आषाढाच्या शेवटापासून मी खोपीत बसायला लागले. दुपारच्या भाकरीनंतर जायचं आणि दिवेलागणीला बाबा आले की खाली यायचं. रात्रीची राखण त्यांची. पुन्हा उजाडताना तासभर. खोपी म्हणजे चार मेढी, वर पेंढा, खाली भिजलेली घोंगडी. सांबरं धुक्यातून यायची, गुडघाभर गवतातून, आणि येताना अजिबात आवाज करायची नाहीत. फक्त मध्येच खडकावर खूर वाजायचा. मी डोकं बघायचे. डोक्यावर शिंग नाही, मोठा डबा. शिंग आहे, लहान डबा. श्रावण संपेपर्यंत मोठा डबा हलवला की भरलेला वाजायचा आणि लहान डब्यात तीन चिंचोके होते. भादव्याच्या शेवटी मात्र लहान डबा भराभर भरायला लागला. मला वाटलं, कुठून तरी पलीकडच्या डोंगरातून नवे नर आले असतील. ते आले असतील तर आपल्या मोजणीत धरायचे नाहीत, असं मी माझ्याच मनाने ठरवलं आणि काही चिंचोके काढूनही टाकले. बाबांनी बांधलेला हिशेब माझ्यामुळे बरोबर ठरावा, असं मला वाटत होतं. ते म्हणाले होते माद्या जास्त, तर माद्या जास्तच निघायला हव्या होत्या.

दसरा झाल्यावर बाबांनी दोन्ही डबे पडवीत ओतले. चिंचोक्यांचे दोन ढीग, एक मुठीएवढा आणि एक सुपाएवढा.  मग त्यांनी मला विचारलं, "शिंगां झडलेले नर येगळे धरलेस ना गो?"

सांबराची शिंगं दर वर्षी झडतात आणि पावसात परत उगवतात, हे मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं त्या डोंगराखाली राहून माहीत नव्हतं. गाईबैलांची झडत नाहीत, मग सांबराची कशाला झडतील? त्या क्षणी मला सगळं कळलं. आषाढात दिसलेली ती जाड, दांडगी जनावरं, ज्यांच्या डोक्यावर नुसते लवदार खुंट होते आणि जी मी मोठ्या डब्यात टाकली होती, तीही कळली. "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणायचं होतं. बाबा हसले असते, डोक्यावर टपली मारली असती, आणि पुढच्या वर्षी परत मोजू म्हणाले असते. मी म्हटलं, "होय."

"शाबास," बाबा म्हणाले.

देवळाच्या मंडपात वाडी जमली. आम्ही बायका बाहेर पायऱ्यांवर. वाडीचे प्रमुख, गावकर, म्हणजे सोनूतात्या, ऐंशीच्या पुढचे, मानेवर पंचा, शब्द मोजून बोलणारे. बाबांनी उभं राहून आपलं म्हणणं मांडलं: नर थोडे, माद्या फार, या साली नर सोडू आणि माद्या काढू. मंडपात कुजबुज झाली. सोनूतात्या म्हणाले, "रामजी, मादी म्हणजे आयस हाय ती. आपल्या आजा-पणजानं मारलान नाय."

"त्यांच्या टायमाला जीपवाले नव्हते, तात्या. नर भरपूर होते."

"आता थोडे हायत ता कुणी बघितलान?"

"मी मोजलंय," बाबा म्हणाले. "अख्खा पावसाळा."

मी पायरीवर बसले होते आणि मला खरंच राग आला. माझं नाव घेतलं नाही म्हणून. खोटी मोजणी केलेल्या मुलीला त्या मोजणीचं श्रेय हवं होतं; माणूस किती चमत्कारिक असतं. शेवटी सोनूतात्यांनी देवीला कौल लावला, तो उजवा झाला, आणि ते म्हणाले, "एक मादी. पोटात पिल्लू नको, थानात दूध नको. भाकड बघून काढ. चुकलास तर निवडायचां काम तुझ्याकडे रहाणार नाय, आणि तुझ्या पोरांकडे पण नाय." बाबांनी मान हलवली.

पारधीच्या सकाळी मी खोपीत होते. नाचणी कापून झाली होती, पण खोपी अजून उभी होती आणि तिथून समोरचा सगळा उतार दिसायचा: वरती हाकारे घालणारे, खाली ओहोळाच्या तोंडाशी आंब्याच्या बुंध्याआड बाबा. ऊन कोवळं होतं. ढोल वाजायला लागले, कुत्री सुटली, आणि रान हललं. पहिला बाहेर आला तो नर, शिंगं मागे टाकून. बाबांनी बोट वर केलं नाही. मग दुसरा नर. मग दोन एकदम. मी मोजत होते, सवयच लागली होती. माझ्या लहान डब्यात होते तेवढे नर बाबांच्या समोरून ओहोळ ओलांडून गेले आणि अजून येत होते. प्रत्येक वेळी बाबांची मान त्या जनावराबरोबर वळायची आणि परत जागेवर यायची. त्यांना ते तेव्हाच कळलं असणार. जनावर ओळखणारा माणूस होता तो.

हाकारे खाली यायला लागले. आता रान रिकामं होणार आणि वाडीचा सगळा दिवस, देवीचा कौल, बाबांचा शब्द, सगळं फुकट जाणार. तेवढ्यात उंच गवतातून एक मादी निघाली, एकटीच, पोटापर्यंत गवतात बुडालेली. बाबांनी क्षणभरच बघितलं. बोट वर झालं नाही, कारण ते बोट करून दुसऱ्या कुणाला सांगण्याइतका वेळच नव्हता. त्यांनी स्वतःच बार काढला.

मी खाली पोचले तेव्हा माणसं गोल उभी होती. मादी कुशीवर पडली होती. तिच्या सडांतून दूध येत होतं, गवतावर, बारीक धारेने, ती मेल्यानंतरही. सोनूतात्यांना कुणीतरी हाताला धरून आणलं होतं. त्यांनी वाकून बघितलं.

"नजर चुकली काय, रामजी?"

"चुकली," बाबा म्हणाले. "नजर माझीच चुकली. मोजणी पण माझीच चुकली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. तिथे मला पुढे होऊन बोलता आलं असतं आणि मी बोलले नाही. मला भीती वाटली म्हणून नाही. मला काहीच वाटलं नाही. लावणीत दिवसभर थंड पाण्यात उभं राहिलं की पायाची बोटं आपली वाटत नाहीत, तसं मला सगळं अंग वाटत होतं. पुष्कळ वर्षांनी नवरा गेला, तेव्हा बायका म्हणाल्या, हिला रडू येत नाही. मला तेव्हा आठवलं की हे मला नवीन नाही.

वाटे पडले. रीत होती म्हणून पडले. सागाच्या पानांत बांधून घरोघर पोचवले. काशीकाकूचा पहिला वाटा नेहमीसारखा मीच नेला. तिने घेतला. उन्हं उतरायच्या आधी ती आमच्या पडवीत आली आणि पुडकं तसंच, गाठ न सोडता, जमिनीवर ठेवलं. "रामजी, मी रागावलेली नाय तुझ्यावर," ती म्हणाली. "पण दुधातली मादी माझ्या घशाखाली उतरत नाय." तिच्यामागून एकेक येत गेले. काहींनी मुलांच्या हाती पाठवलं, काही स्वतः आले. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी भांडलं नाही. "ठेवतंय हितां," एवढंच. दिवे लागले तेव्हा पडवीत वीस पुडकी होती, आणि आमचं धरून एकवीस. मुंग्या यायला लागल्या होत्या.

आयने त्यातलं आमचं तेवढं शिजवलं. भाजलेलं खोबरं, मिरी, कोकम, सगळं घातलं. तिने काहीच कमी केलं नाही. "मारलां हाय तर खायला हवां," ती म्हणाली. आम्ही तिघं जेवलो. मला चव लागली नाही, पण मी पानात काही टाकलं नाही. बाकीचं बाबांनी परसात काजूच्या झाडाखाली पुरलं. मग बंदूक खुंटीवरून काढली, पुसली, आणि सोनूतात्यांच्या पुतण्याच्या घरी देऊन आले. निवडायचं काम आता त्याचं होतं.

पुढचे तीन दिवस त्या मादीचं पिल्लू संध्याकाळी कापलेल्या नाचणीच्या कडेला यायचं आणि बारीक आवाजात ओरडायचं. बाबा पडवीत बसून ऐकायचे. मी भांडी घासत ऐकायचे. चौथ्या दिवशी ते आलं नाही. मळणीला आमच्याकडे कुणी आलं नाही. बैल आमचे, माणसं आम्ही तिघं. झाली मळणी. वेळ लागला इतकंच.

सोनूतात्यांचा पुतण्या वाईट नव्हता. पण त्याला निवडायचा कंटाळा. समोर येईल ते, मोठं असेल ते. एका साली नर, एका साली दोन माद्या, कारण आता नियम मोडलेलाच होता. जीपवाल्यांना वाट दाखवायलाही तो जायचा. काही वर्षांत नाचणी शाबूत राहायला लागली आणि वाडीला बरं वाटलं. मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं की ओहोळाच्या चिखलात खुरांचे ठसे नाहीत. कायदा आला तेव्हा आमच्या त्या डोंगरात वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आता माझा भाचा गावाहून फोन करतो. डुकरं भात उलथतात, गवा कुंपण मोडतो, आणि त्याला अर्ज करावे लागतात. "आत्ये, तुमच्या वेळी बरं होतं, ठरवायचं आणि मारायचं," तो म्हणतो. मी त्याला म्हणते, ठरवणं सोपं नव्हतं रे. त्याला ते म्हातारीचं बोलणं वाटतं. बाबा हयात असते आणि त्यांच्या हातात ते काम राहिलं असतं तर तिथे आज सांबर असतं, असं मला वाटतं, आणि हे वाटणं मी कुणापुढे सिद्ध करू शकत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या पावसाळ्याचं. आषाढ लागला आणि बाबा खोपी शाकारायला गेले. आय म्हणाली, "आता कशाला? आता काय तुम्ही निवडणार हायव?" बाबा म्हणाले, "राखण तर करायची हाय." मला त्यांनी ये म्हटलं नाही आणि नको येऊ असंही म्हटलं नाही. चार-पाच दिवसांनी आयने त्यांची भाकरी घेऊन मला पाठवलं. पाऊस भुरभुरत होता. बाबा घोंगडी पांघरून बसले होते आणि पुढ्यात डबे होते. चहापत्तीचा, बिस्किटांचा, आणि त्यांच्या मधोमध एक तिसरा. तो आमच्या घरातलाच, आयचा मिठाचा डबा. वरचं पोपटाचं चित्र पुसट झालेलं. मी तो चार दिवस फळीवर शोधत होते.

मी भाकरी खाली ठेवली. गळ्यापर्यंत शब्द आले होते, अगदी साधे, गेल्या दसऱ्यालाच बोलायचे होते ते. बाबांनी माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं आणि समोर बोट केलं. धुक्यात एक जनावर मान खाली घालून चरत होतं. डोक्यावर काही नव्हतं.

"डोक्याकडं बघू नको," ते हळूच म्हणाले. "मानेकडं बघ. जाड हाय, केस हायत. दिसलां?"

"दिसलां."

त्यांनी माझ्या तळहातावर एक चिंचोका ठेवला. मी तो मिठाच्या डब्यात टाकला. रिकाम्या पत्र्यावर वाजतो तसा तो वाजला नाही. खाली बरेच होते. बाबा भाकरी खायला लागले. मी तिथे बसून राहिले आणि ते शब्द गिळून टाकले, आणि त्यांनी कधी विचारलं नाही, त्या दिवशी नाही, माझ्या लग्नात नाही, शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर उशाशी होते तेव्हाही नाही.

त्या पावसाळ्यात रोज मी त्यांच्याबरोबर जायचे. गणपतीच्या आधीच मिठाचा डबा भरला. बिस्किटांचा डबा निम्माही झाला नव्हता.